नवी वही, जुना क्रमांक

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून माझे वय ६४ आहे. आमच्या तालुक्याच्या गावातील ख्रिस्ती मंडळी (चर्च) माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासूनची. नऊ वर्षांपूर्वी प्रभुमंदिरामागच्या (चर्चच्या इमारतीमागच्या) जागेचा व्यवहार दोघातिघांनी परस्पर ठरवला. सभेचे इतिवृत्त लिहिलेले नव्हते, हिशेब कोणी दाखवला नाही आणि विचारणाऱ्याला अविश्वासू म्हटले गेले. मंडळीत दोन तट पडले, वाद धर्मादाय कार्यालयात गेला आणि सात वर्षांपूर्वी प्रभुमंदिराला कुलूप लागले. माझे यजमान त्याच वर्षी गेले. त्यांची शेवटची उपासना फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडव घालून करावी लागली. आता अकरा कुटुंबे एका घराच्या पडवीत दर रविवारी जमू लागली आहेत. नवे तरुण पाळक मनाने चांगले आहेत. 'देव विश्वासू आहे' हे त्यांच्या प्रत्येक संदेशात असते. दानाचा हिशेब लेखी असावा असे मी म्हटले, तेव्हा मात्र ते सर्वांसमक्ष म्हणाले, 'बाई, आपण देवावर भरवसा ठेवून सुरुवात केली आहे, वहीवर नाही.' आणि खजिनदार मीच व्हावे असाही आग्रह आहे! गीत सुरू झाले की मला रडू येते आणि मी मागचे उगाळते असे लोकांना वाटते. जे सोडून गेले त्यांना बोलवायला जावे की नाही, हेही कळत नाही. शिवाय बाप्तिस्म्याची आणि अंत्यविधीची जुनी नोंदवही माझ्या कपाटात आहे. बाप्तिस्म्याचा शेवटचा क्रमांक ४१२. ईस्टरला एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. नवी मंडळी म्हणून नवी वही घ्यावी आणि क्रमांक १ घालावा, असे पाळकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. देवाच्या विश्वासूपणावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर :

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम. आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा फाटकाबाहेरच्या मांडवापाशी थांबलो. ते आपण पत्राच्या मध्यावर, जाता जाता लिहिले आहे, पण पुढचे बहुतेक प्रश्न तेथूनच निघाले आहेत असे मला वाटते. म्हणून हिशेबाविषयी बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. देवाने आपली मंडळी का मोडू दिली याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि 'तुम्हांला धडा शिकवण्यासाठी त्यानेच हे केले' असे कोणी सांगू लागले तर ते मान्य करण्याचे बंधन आपल्यावर नाही. मंडळी कशामुळे मोडली ते आपण स्वतःच लिहिले आहे : न लिहिलेले इतिवृत्त, न दाखवलेला हिशेब, परस्पर ठरलेला व्यवहार. ही माणसांची कामे आहेत. ती देवाच्या नावे टाकणे म्हणजे मंडळीच्या दप्तरात आणखी एक खोटी नोंद करण्यासारखे आहे.

आता ज्या वचनाच्या आधारे आपल्या मंडळीत 'देव विश्वासू आहे' हे वाक्य दर रविवारी म्हटले जाते, ते वचन कोठे उभे आहे ते पाहू. परमेश्वराच्या करुणेला खळ पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते, त्याचे विश्वासूपण थोर आहे, हे शब्द विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात येतात. परंपरेने यिर्मया संदेष्ट्याच्या नावे असलेले हे लहानसे पुस्तक जळालेल्या यरुशलेमेत बसून केलेला शोक आहे. आपण शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो : या पुस्तकाच्या पाच कवितांपैकी पहिल्या चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या आहेत, आणि तिसऱ्या कवितेत तर बावीस अक्षरांपैकी प्रत्येकाला तीन तीन ओळी देऊन सहासष्ट ओळींचा हिशेब पुरा केला आहे. ज्याचे नगर राख झाले होते, त्याने आपले रडणे अक्षर अक्षर लावून ठेवले. दुःख मोजूनमापून, क्रमाने लिहून ठेवणे हे विश्वासाच्या विरुद्ध आहे असे त्याला वाटले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकडच्या संदेशांत सहसा येत नाही. तेविसाव्या ओळीत देवाचे विश्वासूपण थोर आहे असे म्हणणारा तोच कवी एकोणतिसाव्या ओळीत म्हणतो की माणसाने आपले तोंड धुळीत घालावे, कदाचित आशा असेल. कदाचित! भरवसा आणि 'कदाचित' यांच्यामध्ये फक्त सहा ओळींचे अंतर आहे, आणि शास्त्राने त्यांतले काहीही खोडलेले नाही. देवाविषयी त्याला शंका नव्हती. पुढे काय घडेल, ते घडलेले आपल्या डोळ्यांना दिसेल का, याविषयी होती. आपली मंडळी वाढेल, खटला मिटेल, प्रभुमंदिराचे कुलूप निघेल, यांतले कोणतेही वचन देवाने आपल्याला दिलेले नाही. म्हणून यांतले काही घडले नाही तर देव अविश्वासू ठरला असेही होत नाही. इतके वेगळे केले की गीत म्हणताना आपल्याला खोटे बोलल्यासारखे वाटणार नाही.

'विश्वासूपण' यासाठी तेथे जो हिब्रू शब्द आहे तो 'एमूना'. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो 'आमेन' त्याच धातूपासून आलेला आहे. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्यामुळे मोशेचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले, तेथे 'स्थिर' यासाठी हाच शब्द आहे. आणि हाच शब्द एका दुरुस्तीच्या हिशेबातही येतो. आपल्या तरुण पाळकांनी तो भाग वाचावा अशी माझी फार इच्छा आहे.

२ राजे, अध्याय १२. यहूदाच्या योवाश राजाने याजकांना सांगितले होते की लोक आणतील तो पैसा घ्या आणि परमेश्वराच्या मंदिराची जेथे जेथे मोडतोड झाली असेल तेथे दुरुस्ती करा. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झाली नव्हती. याजकांनी पैसा खाल्ला असे शास्त्र म्हणत नाही, हे लक्षात घ्या. काम झाले नाही एवढेच म्हणते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि मंदिरात येताना उजव्या हाताला, वेदीशेजारी ती ठेवली. पेटीत पैसा पुष्कळ साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, मोजत, थैल्यांत भरत आणि तोलून मुकादमांच्या हाती देत. मुकादम तो सुतारांना, गवंड्यांना आणि पाथरवटांना देत. आणि एवढे सांगून झाल्यावर शास्त्र म्हणते की त्या मुकादमांकडून हिशेब घेतला जात नसे, कारण ते विश्वासूपणे वागत. तेथे शब्द आहे एमूना.

हे शेवटचे वाक्य एकटेच उचलले तर आपल्या पाळकांचे म्हणणे खरे वाटेल. पण त्याच्या आधी काय आहे? तेविसाव्या वर्षापर्यंत न झालेले काम आहे, सर्वांना दिसेल अशा जागी ठेवलेली पेटी आहे, दोन वेगवेगळ्या अधिकाराच्या माणसांनी मिळून केलेली मोजणी आहे. एवढी व्यवस्था उभी राहिल्यानंतर मुकादमांना कोणी पाई-पाईचे विचारले नाही. विश्वासाला जागा मिळाली ती पेटी आल्यावर. आणि विलापगीत ज्या शब्दाने देवाची थोरवी सांगते तोच शब्द शास्त्राने पाथरवटाच्या मजुरीचा पैसा हाताळणाऱ्या माणसांसाठी वापरला, यात काही औचित्यभंग झाला असे त्या लेखकाला वाटले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या प्रसंगाच्या अधिकच जवळचे आहे, कारण ते नव्या सुरुवातीतलेच आहे. एज्रा हा याजक आणि शास्त्री बंदिवासाच्या बाबेलहून यरुशलेमेला निघाला तेव्हा वाटेत लुटारूंचे भय होते. पण आमचा देव आम्हांला सांभाळतो असे त्याने राजाला सांगितलेले असल्यामुळे शिपाई आणि घोडेस्वार मागण्याची त्याला लाज वाटली. अहवा नदीकाठी त्याने उपास केला, प्रार्थना केली आणि सैन्याशिवाय निघाला. याहून मोठा भरवसा कोणता दाखवणार? पण त्याच अध्यायात, त्याच नदीकाठी, त्याने मंदिरासाठी आलेले सोने-रुपे तोलून याजकांच्या हवाली केले : ६५० किक्कार (वजनाचे जुने मोठे माप) रुपे, १०० किक्कार सोने, शिवाय पात्रे. यरुशलेमेला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी दोन याजक आणि दोन लेवी (मंदिराचे सेवक) यांच्यासमक्ष ते सगळे पुन्हा मोजले, पुन्हा तोलले आणि वजन लिहून घेतले. ज्या माणसाने घोडेस्वार नाकारले त्याने तराजू नाकारला नाही. घोडेस्वार त्याला स्वतःच्या जिवासाठी लागले असते. तराजू हवा होता तो त्या याजकांसाठी, उद्या कोणी त्यांच्याकडे बोट दाखवू नये म्हणून. प्रेषित पौलानेही यरुशलेमेतील गरिबांची वर्गणी पोहोचवताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि त्याचे कारण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात उघड सांगितले : या मोठ्या रकमेच्या बाबतीत आम्हांला कोणी दोष लावू नये, आणि जे चांगले आहे ते प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही चांगले असावे. पौलाच्या विश्वासात काही कमी होती असे म्हणणारा पाळक मला अजून भेटलेला नाही.

आपल्याच मातीतले उदाहरण हवे असेल तर केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांपुरत्या दिलेल्या मदतीच्या वचनावर. पुण्याला आल्यावर १८९३ साली धर्मांतराचा वाद पेटला, रानडे आणि भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. वसतिगृहात रिकाम्या खोल्या राहिल्या. देव पुरवील असा रमाबाईंचा भरवसा होता, आणि त्याच भरवशाने त्यांनी दहा वर्षांची मुदत केव्हा संपते ते मोजले, केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि उत्पन्नासाठी फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा द्यायची वेळ आली तेव्हा जागा होती, ती त्यामुळे. झाडे लावताना या मुली येतील हे त्यांना ठाऊक नव्हते.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या सेवेच्या नवव्या वर्षी मी ज्या मंडळीत होतो तेथे प्रभुमंदिराच्या कौलांसाठी वर्गणी झाली. वार्षिक सभेत एका वयस्क सभासदांनी पावत्या मागितल्या. पैसा खर्च झाला होता, कौले बसली होती, पण निम्म्या पावत्या मी ठेवल्या नव्हत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'काका, प्रभूचे काम आहे, विश्वास ठेवा.' सभेने माना डोलावल्या आणि ते खाली बसले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी त्यांच्या घरी गेलो तोवर दोन वर्षे उलटली होती. त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि तो विषय निघू दिला नाही. मी चोरी केली नव्हती. माझ्या ढिलाईवर पांघरूण घालायला मी देवाचे नाव वापरले होते, आणि आज्ञांमधली तिसरी आज्ञा याच गोष्टीविषयी आहे हे मला फार उशिरा कळले.

म्हणून आपल्या पाळकांविषयी मला राग नाही, आपणही धरू नये. पडवीत अकरा कुटुंबे जमवणाऱ्या तरुणाला 'हिशेब' हा शब्द ऐकला की मागचे भांडण पुन्हा सुरू होते की काय अशी धास्ती वाटत असेल. त्यांनी आपल्याला सर्वांसमक्ष बोलायला नको होते, हे खरे. तरी आपण त्यांना सर्वांसमक्ष उत्तर देऊ नका. एखाद्या दिवशी संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवा, राजांच्या पुस्तकातला आणि एज्राच्या पुस्तकातला हा भाग त्यांच्याबरोबर बसून वाचा, आणि सांगा की वही मला तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नको आहे, उद्या कोणी तुमच्याविषयी कुजबुजू लागले तर तुमच्या हातात काहीतरी असावे म्हणून हवी आहे. शिकवलेल्या मुलाशी बोलावे तसे बोला. ते आपल्याला चांगले जमेल.

खजिनदारपद घ्यायचे की नाही, याचे उत्तर त्या संध्याकाळनंतर द्या. माझे मत स्पष्ट आहे : लेखी हिशेबाची अट मान्य झाली तर घ्या, नाही झाली तर नम्रपणे नाकारा, पण उपासनेला जाणे सोडू नका. अटी फार नाहीत. दान उपासना संपताच, लोक पांगण्यापूर्वी, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे, आकडा अंकी आणि अक्षरी लिहून दोघांनी सही करावी. ही रक्कम कोणाच्या घरी आठवडाभर राहू नये. खर्चाची पावती नसेल तर निदान पैसे घेणाऱ्याची सही असावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचनांच्या वेळी जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे वाचून दाखवावेत, मग शिल्लक दोनशे रुपये का असेना. पहिले दोन महिने लोक अवघडतील, नंतर त्याची सवय होईल आणि एखाद्या महिन्यात वाचायचे राहिले तर कोणीतरी आठवण करील. ती आठवण करणारा माणूस आपल्या मंडळीत तयार झाला की माझ्या मते अर्धे काम झाले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण मागच्या वेळी पहिली भेग येथेच पडली असावी. जुन्या विश्वस्तसंस्थेचा वाद चालू असेतोवर तिच्या नावाने एक रुपयाही गोळा करू नका किंवा पावती फाडू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत बदलाची नोंद द्यावी लागते, तिला कार्यालयात सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. आणि संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जागेचा व्यवहार दोघातिघांनी ठरवून भागत नाही, ते यासाठी. आपला बैठकीचा खर्च कोणाच्या वैयक्तिक खात्यातून चालवू नका. नवे खाते कोणत्या नावाने उघडावे हे अशा संस्थांचे काम पाहणाऱ्या वकिलाला किंवा सनदी लेखापालाला विचारूनच ठरवा. त्यांची फी हा मंडळीचा खर्च समजा आणि तो वहीत लिहा.

रडण्याविषयी. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात, बाबेलहून परत आलेल्या लोकांनी मंदिराचा पाया घातला तेव्हा पुष्कळांनी आनंदाने जयघोष केला आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले. कोणता आवाज जयघोषाचा आणि कोणता रडण्याचा हे लोकांना ओळखता येईना. त्या वृद्धांना कोणी गप्प बसवले असे तेथे लिहिलेले नाही. उलट, पुढे हाग्गय संदेष्ट्याच्या मुखाने देव स्वतःच विचारतो की या घराचे पूर्वीचे वैभव पाहिलेला तुमच्यात कोणी उरला आहे काय, आणि आताचे हे तुम्हांला काहीच नाही असे वाटते ना? देवाने पडवीला प्रभुमंदिर म्हटले नाही. जे कमी आहे ते कमी आहे असे म्हणून मग तो म्हणाला : हिंमत धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे. तेव्हा गीताच्या वेळी रडू आले तर येऊ द्या. कोणी विचारले तर 'मी ते पहिले घर पाहिले आहे' एवढे सांगितले तरी पुरे.

हेही लक्षात असू द्या की त्या लोकांनी पाया घालण्याच्या कितीतरी महिने आधी, आजूबाजूच्या लोकांची भीती वाटत असतानाच, नुसती वेदी उभारून उपासना सुरू केली होती. आणि पाया घातल्यावर काम जे थांबले ते सुमारे सोळा वर्षे थांबले. मंदिर पुरे झाले ते दारयावेश राजाच्या सहाव्या वर्षी, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी. तारीख लिहून ठेवली आहे. मधली वर्षेही लपवलेली नाहीत. आपल्या पडवीतल्या प्रभुभोजनाला 'तात्पुरते' म्हणण्याची घाई त्यामुळे कोणी करू नये.

जे सोडून गेले त्यांच्याविषयी मी थोडेच लिहितो, कारण तेथे नियम चालत नाहीत. ज्यांचे आपल्याकडून काही दुखावले गेले असेल त्यांच्याकडे आपण जावे. ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे, पण त्यांना पहिल्याच महिन्यात कारभारात बसवू नये. क्षमा आज करता येते. खजिन्याची किल्ली द्यायला वेळ लागतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा मार्क या सोबत्यावरून इतके भांडले की वेगळे झाले, आणि पुष्कळ वर्षांनी तोच पौल तुरुंगातून लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधे काय घडले, कोणी कोणाची माफी मागितली, हे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

आता राहिली नोंदवही. नवी वही घेऊन क्रमांक १ घालणे आपल्याला का पटत नाही ते मी सांगण्याचा प्रयत्न करतो. यरुशलेमेला वेढा पडला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता, त्या दिवसांत त्याने चुलतभावाकडून अनाथोथ गावचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल (वजनाचे जुने माप) रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले, त्यावर मोहर लावली आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितले. त्या शेताला त्या दिवशी कोणी दमडी दिली नसती. अनेक वर्षांनी बाबेलहून परत आलेल्या ४२,३६० लोकांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे. ती वाचायला कंटाळवाणी आहे हे मी मान्य करतो, पण तिच्यात एक ओळ आहे : अनाथोथची माणसे १२८. मडक्यातल्या त्या कागदाचे पुढे काय झाले हे शास्त्र सांगत नाही. एवढे मात्र दिसते की परतलेल्यांना कोणी 'तुम्ही आता नवे लोक, गावाचे नाव विसरा' असे म्हटले नाही. कोण कोणत्या गावचा, कोणत्या घराण्याचा, हे जुन्या नोंदींवरून ताडून पाहिले गेले, आणि ज्यांच्या वंशावळीची नोंद सापडली नाही तेही यादीत तसे लिहून ठेवले गेले.

आपल्या कपाटातल्या वहीतल्या ४१२ जणांना देवाने जे वचन दिले तेच ईस्टरला या बाळाला मिळणार आहे. मंडळी फुटली म्हणून ते वचन फुटले नाही, आणि तसे असेल तर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करण्याचे काही कारण उरत नाही. या बाळाचा क्रमांक ४१३. वहीच्या मालकीविषयी उद्या प्रश्न निघू शकतो, म्हणून तिच्या सर्व पानांच्या छायाप्रती काढून वकिलांच्या सल्ल्याने त्यांचा एक संच वेगळा ठेवा. वादामुळे जुन्या वहीत लिहिता येत नसेल तर नवी वही घ्या, पण तिच्या पहिल्या पानावर 'क्रमांक १ ते ४१२ जुन्या नोंदवहीत' असे लिहा आणि खाली ४१३ पासून पुढे चला. मधल्या सात वर्षांसाठी कोरी जागा सोडू नका. त्या वर्षांत प्रभुमंदिर बंद होते आणि बाप्तिस्मा झाला नाही, असे एका वाक्यात, कोणाचेही नाव न घालता लिहा.

अंत्यविधीच्या नोंदींत आपल्या यजमानांची नोंद झाली नसावी, असे पत्रावरून वाटते, कारण त्या वर्षी वही उघडणारे कोणी नव्हते. ती आता करा. स्वतः लिहू नका, आपल्या तरुण पाळकांना लिहायला सांगा आणि ते लिहीत असताना शेजारी बसा. नाव, वय, तारीख, आणि उपासनेच्या स्थळाच्या रकान्यात जे घडले तेच : प्रभुमंदिराच्या फाटकाबाहेर, मांडवात.

आपला,
प्रभूच्या सेवेतील एक निवृत्त पाळक